फुकटच्या तिकिटाचं पुण्य

औरंगाबाद,
फेब्रुवारी १९९४

तीर्थरूप मुंजाबामामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो आणि जरा वेळ तिथंच राहू देतो, कारण तोंड वर करायची सोय उरलेली नाही. मामींचा गुडघा कसा आहे? मेंढरं सध्या कुणाच्या रानात बसवलीत? इकडं आम्ही खुशाल आहोत, म्हणजे कालपर्यंत होतो.

वाळूजला आता गव्हाच्या रानात कारखाने उगवतात, आणि दर कारखान्याचे नकाशे घेऊन आमच्या खात्याला मुंबईला पळावं लागतं. त्यात नामांतराच्या धामधुमीत आज मोर्चा, उद्या बंद. एसट्या डेपोत उभ्या. तेव्हा साहेबांनी नकाशांची गुंडाळी माझ्या काखेत दिली आणि मला विमानानं धाडायला लागले. (पहिल्या खेपेला मी चपला विमानाच्या दाराशी काढल्या होत्या, हे मामींना सांगू नका.) विमान कंपनी खासगी, नवी, गिऱ्हाइकाची भुकेली. बऱ्याच खेपा केल्या की स्वतःला किंवा घरच्या एका माणसाला जाऊन-येऊन तिकीट फुकट, अशी तिची योजना. ते तिकीट मला लागलं.

आणि येत्या गुरुवारी त्यावर तुला विमानात बसवतो, असं मी मायला सांगून बसलो. तुमची बहीण गप्प बसेल होय? काशीला निघालेल्या माणसाला गाव जेवू घालतं, तसं पिशोरात तिला घरोघरी पुरणपोळीचं बोलावणं. कुणी लुगडं नेसवलं, कुणी चोळीचा खण दिला. सुगंधाबाईनं तर नारळ दिला, विमान गोदावरीवरून जाताना खाली सोडायला. विमानाची खिडकी उघडत नाही हे सांगायला माझी जीभ रेटेना.

इथं आमचे हेडक्लार्क बद्रीनाथराव मध्ये आले. माणूस देवगुणी, पण नियम दिसला की त्यांना झोप लागत नाही. म्हणाले, "मल्हारी, तू उडला कुणाच्या खर्चानं?" म्हटलं, सरकारच्या. "मग पुण्य तुझं कसं व्हईल?" सरकारी दौऱ्यावर मिळालेलं बक्षीस सरकारचंच, ते पुढच्या सरकारी कामाला वापरायचं, असा वरून हुकूम आलाय म्हणे. त्यांचाही जीव तुटत होता (मायच्या हातचा ठेचा त्यांनी खाल्लेला आहे), पण माझ्याकडं न बघता त्यांनी सही घेतलीच. आता त्याच गुरुवारी त्या तिकिटावर नकाशे घेऊन मीच जायचं.

तर मामा, गावभर जेवून बसलेल्या तुमच्या बहिणीला हे तुम्हीच सांगा. माझ्यात हिंमत नाही.

तुमच्या आडोशाला लपलेला भाचा,
मल्हारी

ता. क. : पाकीट चिकटवत होतो तोवर माय दारात हजर. गुरुवारपर्यंत दम धरवेना, म्हणून नवं लुगडं नेसून दुपारच्या गाडीनं आली. सांगावंच लागलं. घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "सरकारचं हाय ना? मग जाऊ दे की. सरकारी बोर्डिंगात तू इतकी वर्सं जेवला, त्याचं फिटू दे." मग तांब्या खाली ठेवत, "वरून मेंढरं दिसत्यात का रं?" मी नाही म्हणालो. "आन् माणूस?" म्हटलं, लई उंच असतंय माय, नाय दिसत. तिचा चेहरा पडला. "म्हंजी इमान गेलं की म्या रानातून हात करायची, ते कुणालाच दिसलं नसंल व्हय?" मामा, तिकीट गेल्याचं वाटलं नव्हतं इतकं मला याचं वाईट वाटलं.

पुन्हा ता. क. : खरं काम आता लिहितो. पत्र टपालात न टाकता पिशोरच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतोय. त्याच्याच हाती तुमचा लाल फेटा पाठवा, अख्खा. गुरुवारी सकाळी चिकलठाण्याला विमानतळाच्या कुंपणाबाहेर माय तो उलगडून उभी राहील. उडताना विमान खालीच असतं, तेवढ्यात मला दिसेल. मी खिडकीची जागा मागून घेतली आहे. (नकाशांना उजेड लागतो, असं बद्रीनाथरावांना सांगितलं, त्यांनी पटल्यासारखं केलं.) एवढा लांब फेटा एकट्या मायला कसा धरवेल, ही काळजी करू नका. दुसरं टोक धरायला बद्रीनाथरावांनी त्या दिवसाची किरकोळ रजा टाकली आहे.