पाचशे अठ्ठावीस फूट

सोमवार, ९ जून २०२५
व्हर्नन काउंटी, विस्कॉन्सिन

प्रिय आर्डिथ,

तू आणि रॉय बरे असाल असं धरून चालते. माझं उत्तम आहे. डावा गुडघा घरात कुरकुरतो, मोटरसायकलवर बसलं की गप्प होतो. डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते माझ्या वयाकडे बोट दाखवतात. सत्तर हा आकडा आहे, आजार नाही.

पत्र हाताने लिहिते आहे, कारण माझी ईमेल तू उघडत नाहीस. हेही बाजूला टाकशील म्हणून पाकिटावर ‘डब्याबद्दल’ असं ठळक लिहिलं आहे. ते वाचून न उघडणारी तू नव्हेस.

तर बातमी. गेल्या मंगळवारी मी एक डबा लपवला. डबे लपवायच्या-शोधायच्या आपल्या या खेळात तीन वर्षांत मी इतरांचे दोनशेच्या वर डबे शोधले, स्वतःचा एकही ठेवला नव्हता. आता ठेवायचं ठरवलं, तेव्हा जागा एकच डोळ्यांसमोर होती. सकाळी सातला निघाले. मोठा रस्ता मुद्दाम टाळला. चर्चमागून खडीचा रस्ता धरला, मग ओढ्याच्या कडेने ती वळणं, जिथे मागचं चाक जरा सटकतं आणि पोटात गुदगुल्या होतात. पाऊस होऊन गेला होता, त्यामुळे धूळ नव्हती. टेकडीच्या माथ्यावर आमिश लोकांच्या दोन घोडागाड्या भेटल्या. मी इंजिन बंद करून कडेला थांबले, घोडे बिथरू नयेत म्हणून. गाडीतल्या म्हातारीने मला हात केला, मीही केला. नंतर एकटीच होते, तेव्हा मोठ्याने गायले. कोणत्या सुरात ते विचारू नकोस.

आणि मग आपलं शेत. म्हणजे आता मॅलन यटझीचं. बारा वर्षं झाली त्याने घेऊन, तरी माझ्या तोंडात ‘आपलं’ येतं. फाटकाजवळ उतरले, हेल्मेट काढलं आणि आधी परवानगी मागायला गेले. मॅलन नांगराच्या घोड्यांची नाल तपासत होता. दाढी आता पार पांढरी झाली आहे. मी त्याला सगळं नीट समजावलं.

“म्हणजे डबा तुम्हीच लपवणार?” त्याने विचारलं.

“हो.”

“आणि कुठे लपवलाय ते तुम्हीच जगाला सांगणार?”

“अक्षांश-रेखांश देणार. लोक शोधत येतील, आतल्या वहीत सही करतील आणि डबा होता तिथे ठेवून जातील.”

“घेऊन काही जाणार नाहीत?”

“नाही.”

त्याने हातातला घोड्याचा खूर खाली सोडला. “आणि तुम्ही लोक आम्हा आमिशांना विचारता, विजेशिवाय तुमचा वेळ कसा जातो.”

भाजीच्या वाफ्यात वाकलेली त्याची बायको फॅनी इतकी हसली की तिला सरळ उभं राहावं लागलं. मॅलनने होकार दिला. अटी दोन: रविवारी कुणी यायचं नाही, आणि फाटक उघडं टाकायचं नाही. आणखी एक वाक्य तो बोलला. त्याबद्दल पुढे लिहिते.

लष्करी पद्धतीचा, पत्र्याचा हिरवा डबा होता माझा, झाकणाला नवीन रबर, आत वही, दोन पेन्सिली आणि आपल्या जुन्या तालुक्याचा मी वर्गात वापरत असे तो छोटा नकाशा. दूध गार ठेवायची ती दगडी खोली आहे ना झऱ्यावरची, तिच्यापासून साठ पावलांवरच्या ओकच्या ढोलीत ठेवला. घरी आले, खेळाच्या संकेतस्थळावर डब्याचं पान भरलं आणि तपासनिसाकडे पाठवलं. चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, पण स्वतःचा निकाल यायचा म्हणून रात्री झोप लागली नाही, असं पहिल्यांदा झालं.

बुधवारी निकाल आला. नापास.

तपासनिसाने लिहिलं होतं: ‘आपली जागा दुसऱ्या एका डब्यापासून पाचशे अठ्ठावीस फुटांच्या आत आहे; दोन डब्यांत किमान तेवढं अंतर हवं. तो डबा एका कोड्याचा असल्याने तो नेमका कुठे आहे, हे सांगता येत नाही. क्षमस्व.’

मी नकाशा उघडला. आसपास काहीच नव्हतं. चिडून तपासनिसाला उत्तर लिहायला घेतलं, निम्मं लिहिलंही, आणि मग मॅलनचं ते वाक्य आठवलं. ते असं होतं: “तुमच्या घरात डबे पुरायची हौसच दिसते. तुमची बहीण तर दोनदा विचारून गेली.”

तेव्हा मी ते कानाआड केलं होतं. वाटलं, त्याचा कुणाशी तरी घोळ होतोय.

आर्डिथ, आता एक गोष्ट लिहिते, ती लिहायला मला दोन कप कॉफी लागली. तीन वर्षांपूर्वी मी तुझं नाव न दिसणाऱ्यांच्या यादीत टाकलं होतं. तुझे डबे माझ्या नकाशावर येऊच नयेत, अशी सोय करून ठेवली होती. स्वतःच केलं आणि विसरले. बुधवारी ती यादी उघडली. तिच्यात नाव एकच होतं. ते काढलं, आणि चर्चच्या दफनभूमीपाशी कोड्याच्या डब्याचं एक प्रश्नचिन्ह उगवलं. ‘नियम पाळणाऱ्या माणसांसाठी’. मालक तू. तीन वर्षांत सापडला नाही, एकदाही. खाली एकेचाळीस जणांच्या तक्रारी. एकाने लिहिलं आहे, ‘हे कोडं आहे की घरगुती भांडण?’

मी खुर्चीत सरळ बसले. तू विचारलेले तीन प्रश्न होते, तुझ्याच शब्दांत.

हौदात दुधाचे कॅन किती मावायचे? आठ. हे झोपेतही सांगेन.

टपालपेटीपर्यंत जाताना बहिणीने मला किती फाटकं उघडायला लावली? तीन. मी मोटरसायकलवर ऐटीत बसायची आणि तू मागून उतरून चिखलात धावायचीस.

माझ्या हनुवटीला टाके किती? चार.

अक्षांश-रेखांशात हे आकडे भरले, तर जागा मॅलनच्या घोड्यांच्या डबक्यात मधोमध आली. तरी गुरुवारी गेले, काठावर उभी राहून पाण्याकडे बघत राहिले. मॅलनने लांबून विचारलं, “बाई, पोहायला आलात का?” घरी परतताना, खडीवर, दुसऱ्या वळणाला आठवलं. तुझ्या हनुवटीला टाके पाच होते. चार हे मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले, माझी चूक जरा लहान दिसावी म्हणून. तिथेच गाडी वळवली. मागचं चाक सटकलं, पडता पडता वाचले. हे रॉयला सांगू नकोस.

पाच भरल्यावर जागा आली ती दगडी खोलीची. तिच्या उत्तरेच्या भिंतीत, खालून तिसऱ्या ओळीतला दगड सैल आहे. माझ्या ढोलीपासून साठ पावलं. आत काचेची बरणी होती, आईची, लोणच्याची.

वही कोरी होती. पहिल्या पानावर फक्त तुझं अक्षर, आणि तीन वर्षांपूर्वीची जूनची तारीख:

‘मार्लिस, परवानगी घेतली आहे.’

ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. झऱ्याचं पाणी बुटात गेलं.

तुझा पहिला डबा, टपालपेटीच्या खांबाचा, तो बंद पाडणारी मी होते. तपासनिसाला खाजगी पत्र मी लिहिलं: जमीन खाजगी आहे, परवानगी नाही. मॅलनला विचारलं नव्हतं. तू परवानगी घेतली असशील, हे मनातही आलं नाही, कारण तू लहानपणापासून कधी कशाची परवानगी घेतली नाहीस. तू फोन केलास, “कुणी केलं असेल गं हे?” आणि मी म्हणाले, “नियम म्हणजे नियम. आणि तुला बाबांनी मोटरसायकल शिकवली, हे साफ खोटं आहे.” तू फोन ठेवलास. मला वाटलं, तुला राग आला. तक्रार माझी होती, हे तुला त्याच क्षणी कळलं होतं. तुझं ते पान इतकं बारकाईने वाचणारं या जगात दुसरं कोण होतं?

खरं कारण तेच होतं. पानावर तू लिहिलं होतंस, ‘या रस्त्यावर बाबांनी मला मोटरसायकल शिकवली.’ मी सतरा वर्षांची, तू तेरा, बाबा शेतात, त्यांची गाडी आपण ढकलत रस्त्यावर नेली. मी शिकवलं. तू पडलीस तेही माझ्यामुळे, क्लच सोड म्हणून मीच ओरडले. दवाखान्यातून आल्यावर बाबांनी आईसमोर स्वतःवर घेतलं, आणि ‘कुणाला खरं सांगायचं नाही’ अशी शपथ तुला मीच घातली. त्रेपन्न वर्षं ती तू पाळलीस. आणि मी, नियम पाळणारी, त्याचीच तुला शिक्षा केली.

चूक माझी. मॅलनला विचारायला हवं होतं. तुला विचारायला हवं होतं. दोन्ही मला जड नव्हतं, मी केलं नाही एवढंच.

आता कामाचं. माझा डबा मी त्याच दिवशी ओकच्या ढोलीतून काढला. तिथे तू आधी होतीस. तपासनिसाला तसं कळवलं, आणि तीन वर्षांपूर्वीच्या तक्रारीबद्दलही लिहिलं, माझ्या नावाने. त्याचं उत्तर आलं: खांबावरचा डबा पुन्हा सुरू करायचा असेल, तर मालकिणीने अर्ज करावा. अर्ज कर. पानावर काय लिहायचं ते तू ठरव. तुला घातलेली शपथ मी मागे घेते.

तुझ्या वहीत मी सही केलेली नाही. सही नाही तर डबा सापडला नाही, हा नियम तुलाही माहीत आहे. पेन्सिल उचलली होती, पण तू शेजारी नसताना पहिल्या ओळीवर नाव लिहिणं बरं वाटलं नाही. शनिवारी, चौदा तारखेला, ये. नदी ओलांडली की दोन तासांचा रस्ता आहे. रविवार चालणार नाही, मॅलनची अट आहे. फॅनीने तू भाजलेल्या गोड ऱ्हुबार्ब-पायची आठवण काढली. परवानगी मागायला जाताना तू तो घेऊन गेली होतीस म्हणे. मी रिकाम्या हाताने गेले होते.

माझ्या दुसऱ्या, लहान मोटरसायकलच्या साखळीला मी काल तेल घालून ठेवलं. चालवावीशी वाटली तर चालव. मनगट दुखत असेल, तर माझ्या मागे बस. रस्त्यात अजूनही तीनच फाटकं आहेत.

या वेळी मी उतरून उघडीन.

तुझी,
मार्लिस
(वहीत सही अजून बाकी)