चार दिवसांसाठी बांधलेली गाय

बाबा, तुमच्यामागे गोठा मीच चालवला. सावर्ड्यातल्या हॉटेलांना आणि ओळखीच्या घरांना दूध घालत होते. मग गुरांच्या अंगावर गाठी उठवणारी ती लंपीची साथ तालुक्यात शिरली. आपल्याकडे लस टोचायला माणसं अजून यायची होती, तेवढ्यात एका संध्याकाळी शेजारचे काका, तुमचे जिवाभावाचे मित्र, गाय घेऊन दारात आले. "बाय, गोठ्याचं छप्पर उतरवलंय. चार दिवस तुझ्याकडे बांधू दे गो." गाय मान टाकून उभी आहे. मी विचारते, बरी आहे ना? "ऊन लागलंय तिला," काका म्हणतात. मला तुमचं ओरडणं आठवलं. लहानपणी मी याच काकांना गाय बांधायला जागा नाही म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही आपलं वासरू सोडून पडवीत बांधलंत आणि त्यांच्यासमोरच म्हणालात, "जनावर दारातून परत पाठवतात का?" मी गाय आत घेतली.

आठवड्याभरात आपल्या गायींच्या अंगावर गाठी आल्या. डॉक्टर आले, कोपऱ्यातली गाय बघून थबकले. "ही इथे कशी? हिला ताप होता, वेगळी बांधा म्हणून मीच त्यांना सांगितलं होतं." काकांनी वेगळी बांधली, ती आपल्या गोठ्यात. तुम्ही शेवटी आणलेल्या कपिलेची लेक त्यात गेली. तिला पुरायला कातळात कुदळ चालेना, जेसीबी बोलवावा लागला. उरलेल्या वाचल्या, पण आटल्या. दुधातून रोग येतो अशी आवई उठली आणि तुमच्या वेळेपासूनची घरं पिशवीच्या दुधावर गेली, ती परत आलीच नाहीत. काकांच्या बाकीच्या गायी मात्र धडधाकट राहिल्या. मी जाब विचारायला गेले तर सुपारी कातरत शांतपणे म्हणाले, "तुझा बापूस असता तर नाही म्हणाला नसता." मी तशीच घरी परतले, कारण ते खरं होतं.

आता मी काजूच्या कारखान्यात जाते. उरलेल्या गायी विकल्या, शेण नाही म्हणून भाताला खत नाही. वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे की मी काकांशी बोलत नाही, आणि सगळे माझ्या बाजूने आहेत. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. काकांचा राग केव्हाच विझलाय, बाबा. आता येतो तो तुमचा.