काचेबाहेर राहिलेला टँकर

ती. दादांना सविनय नमस्कार.

पाकीट बघून तुम्हाला वाटेल, फोन असताना हा माणूस कागद का खराब करतोय. पण फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता, हे एक. आणि आमच्याकडे फोनवर बोललेलं शेवटच्या खोलीत बाबांना ऐकू जातं, हे दुसरं. बाकी इकडे सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत. तुमच्या बहिणीचा खांदा धरलाय, माझं पित्त माझ्या मतांइतकंच जुनं आहे, आणि तुमचे वडील जेवतात, झोपतात, पेपर वाचतात. वहिनींचा गुडघा कसा आहे? (डॉक्टरांनी दिलेला पट्टा त्या उलटा बांधतात, हे गेल्या वेळी माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हा बोललो नाही. आता बोललो.)

बाबांच्या टँकरची गोष्ट तुम्ही विसरला असाल, म्हणून रीतसर मांडतो. तरुणपणी बाबा पाण्याचा टँकर चालवायचे. सिनेमावाले लढाईचं चित्रीकरण करायला वाळवंटात उतरले, तेव्हा त्या सगळ्या फौजेला पाणी पाजायचं काम बाबांकडे होतं. मोठ्या हल्ल्याच्या प्रसंगात पडद्यावर उजव्या हाताला आपला टँकर आहे, आणि तो आपण तोफांच्या माऱ्यातून तिथवर नेला, असं ते आयुष्यभर सांगत आले. माझ्या दुकानात मोटर वाइंडिंगला टाकून बसलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा ही गोष्ट पाठ आहे. मग तुमच्याकडे जेवताना, तुमच्या साहेबांसमोर, तुम्ही म्हणालात, "बाबा, मी तो सिनेमा टीव्हीवर दोनदा बघितला. तुमचा टँकर वाळूत रुतला असणार." सगळे हसले. मीही हसलो (ताट तुमच्या घरचं होतं). तेव्हापासून कोणी वाळवंटाचं नाव काढलं की बाबा म्हणतात, "आता आठवत नाही." ज्या माणसाला त्या टँकरच्या कुठल्या चाकात हवा कमी असायची हेही आठवायचं, तो माणूस. घरात गोष्ट ऐकून आमचे कान किटले होते, हे खरं. पण ती बंद झाल्यावर जेवायला बसलं की नुसते चमचे वाजायला लागले.

आता सिनेमाकडे वळतो. रणगाड्यांबद्दल मला कोणी कॉलेजात शिकवलेलं नाही. जे कळतं ते रद्दीतल्या मासिकांतून आणि स्वतःच्या डोक्यातून. त्या जोरावर सांगतो, त्या सिनेमात शत्रूचे म्हणून जे रणगाडे दाखवलेत ते आपल्याच बाजूचे आहेत, नुसता रंग फासलाय. शिवाय नायकाच्या दंडावरची जखम मध्यंतरानंतर दुसऱ्या दंडावर जाते. मी हे वितरकांना दोनदा कळवलं. उत्तर आलं नाही, म्हणजे मान्य असावं. तोच सिनेमा आता धुऊनपुसून डिस्कवर निघाला आहे, आणि पाकिटावर लिहिलंय, 'पूर्ण रुंदीचं मूळ चित्र'. ते वाचलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. जुन्या टीव्हीचा डबा चौकोनी. लांबरुंद सिनेमा त्यात कोंबायचा म्हणून दोन्ही कडा कापायचे. तुम्ही पाहिलात तो कापलेला. टँकर कडेला असणार! डिस्क मागवली.

रविवारी दुपारी पडदे ओढले, खिडकीला चादर लावली. बाबा आधी म्हणाले, "मला काय करायचंय?" मग नावं सुरू झाल्यावर आले आणि कडेच्या खुर्चीत बसले, कारण म्हणे पंखा तिथे बरा लागतो. इथे आमच्या टीव्हीबद्दल एक खुलासा. नवा टीव्ही घेतला तेव्हा सिनेमा लावला की वर आणि खाली काळ्या पट्ट्या यायच्या. मी टीव्ही घेतला तो पूर्ण काचेचा, पट्ट्यांचा नव्हे. म्हणून चित्र ताणून काच भरून टाकली, आणि कोणी ती व्यवस्था बिघडवू नये म्हणून रिमोटच्या त्या बटणावर चिकटपट्टी लावून वरून प्लास्टिकचं कव्हर घातलं. (अशी दूरदृष्टी कंपनीत एकालाही सुचली नाही.) हल्ला सुरू झाला. तोफा, धूळ, उंट उधळलेले. नायक एका कानाचाच दिसत होता, तो मी कॅमेरावाल्याचा हलगर्जीपणा समजलो. आणि उजव्या हाताला काही नाही. नुसती वाळू. पुन्हा लावलं. पुन्हा वाळू. बाबा उठले, खुर्ची भिंतीला नीट लावली आणि म्हणाले, "थोरला बरोबर बोलला होता. माझंच काहीतरी चुकत असेल." चिडून म्हणाले असते तर मी उत्तर दिलं असतं. हे असं म्हटल्यावर मला रणगाड्यांच्या चाकांबद्दलसुद्धा काही बोलवेना.

रात्री ते न जेवता झोपले. सोमवारी मी प्रकरणाचा शास्त्रीय पद्धतीने छडा लावला. तपशिलात शिरत नाही, तुम्हाला तो झेपणार नाही. एवढंच सांगतो की टीव्हीच्या बनावटीतच दोष असल्यामुळे ताणलेल्या चित्राच्या दोन्ही कडा काचेबाहेर जात होत्या. उकाड्याने गोंद सैल होऊन चिकटपट्टी आपसूक सुटली, बटण दाबलं गेलं, काळ्या पट्ट्या आल्या, नायकाचा दुसरा कान आला, आणि उजव्या कोपऱ्यात, दादा, टँकर. धुळीने माखलेला, नळाला डबा लटकवलेला, बाबा सांगायचे तस्साच. मी बाबांना दंडाला धरून आणलं. ते काचेजवळ वाकले. मग म्हणाले, "डावं पुढचं चाक बघ. हवा कमी आहे."

इथे पत्र संपवता आलं असतं. पण डिस्क फारच स्वच्छ निघाली. टँकरच्या खालून दोन अनवाणी पाय बाहेर आलेत. पुढे घनघोर युद्ध चाललंय, माणसं मरताहेत, सेनापती ओरडतोय, आणि मागे कोणीतरी टँकरच्या सावलीत ताणून दिलीय. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं. दादा, तसं बोट आपल्या माहितीत बाबांना आणि तुम्हालाच आहे. तुमच्या बहिणीने विचारलं, "बाबा, टँकर माऱ्यातून नेला म्हणता, मग हे कोण?" बाबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "मला मेलेल्याचं काम दिलं होतं." मी नम्रपणे दाखवून दिलं की मेलेला माणूस एका पायाने दुसरा पाय खाजवत नाही. त्यावर म्हणाले, "नवीन होतो. शिकत होतो." आणि असे हसले की ठसका लागून पाणी द्यावं लागलं. तेव्हापासून त्यांची बडबड पुन्हा सुरू आहे. गोष्ट थोडी बदललीय. आता ते त्या युद्धात कामी आले आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. चुकलंमाकलं असेल तर कळवावं. (शोधून बघा, सापडणार नाही.)

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. एक काम होतं. येत्या रविवारी या. हे पत्र मिळालं नाही असं दाखवा आणि आपणहून विचारा, "बाबा, तो टँकर कुठे होता म्हणालात?" शेजारचे दोनदा बघायला आले, पण बाबा डिस्क लावू देत नाहीत. म्हणतात, आधी थोरला बघेल. पायांचा विषय तुम्ही काढू नका, तो ते स्वतः काढतील. मेलेल्याचं काम छान झालंय, एवढं म्हणा.

ता. क. २. येताना पायात मोजे घाला.

ता. क. ३. दादा, मी लिहितेय. हे अंघोळीला गेलेत म्हणून घाईत. गोंदबिंद काही सुटला नाही. सोमवारी हे दुकानात बसून डिस्कवाल्यांना खरमरीत तक्रार लिहीत होते, तेव्हा मी पट्टी नखाने काढून बटण दाबलं आणि हे घरी येईपर्यंत तसंच ठेवलं. घोळ यांच्याच पट्टीचा होता हे मला कळलं नाही, असं यांना वाटतंय, तर राहू दे. मोजे वगैरे घालू नकोस. ये, आणि हसायचं तेवढं हस, फक्त या वेळी बाबांच्या शेजारी बसून हस. ते रोज सकाळी दाढी करून, बाहेरचे कपडे घालून पुढच्या खोलीत बसतात. कुठे निघालात म्हणून विचारलं, तर म्हणतात, कुठे नाही, सहजच.