दफेदारांच्या तालमीला कुलूप

श्रीगोंदे,
ता. ३ जानेवारी १९४३

तीर्थरूप गोरखदादा यांस,

धाकट्या रतनचा शि. सा. न. वि. वि. माझ्या लेकीच्या, भागीच्या, अंगावरचं पुरळ गेलं, मीही धड आहे. तुझा खोकला कसा आहे ते आधी कळव.

हे जाऊन तीन महिने झाले. तेराव्यापासून मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलेलं नाही. थोरले दीर भिमाजी म्हणतात, माहेरचा गडी न्यायला आला तर धाडू, एकली बाई धाडायची आमची रीत न्हाई. जाऊबाईंचा भाऊ पाथर्डीला असतो, पन्नाशीचा, दोन बायका पोचवलेला. त्याच्याशी माझा पाट लावायचं घरात घाटतंय. मला कुणी विचारलेलं नाही.

दुपारी सगळी रानात गेली की कणगीच्या खोलीला बाहेरून कडी. मग मी दफेदारकाकांनी तालमीत शिकवलेले काठीचे पवित्रे करते. चार पावलं पुढे, चार मागे. पाचवं भिंतीला लागतं. भागी मोजते आणि चुकले की हसते, अगदी तुझ्यासारखी.

दादा, तू ये. पत्र इथल्या शाळेतल्या मास्तरीणबाई गुपचूप टाकतात, उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर धाड.

तुझी वाट बघणारी,
रतन

नगर,
ता. ११ जानेवारी १९४३

चि. रतन हीस,

अ. उ. आ. पाकिटावर तुझ्या नावाआधी काय लिहायचं यात माझा अर्धा दिवस गेला. शेवटी नुसतं रतन लिहिलं.

मी आजवर का आलो नाही ते तुला कळवायला हवं होतं. दु:खात आणखी भर नको म्हणून लपवलं. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी इथे कुणीतरी तारखात्याच्या तारा तोडल्या. दुसऱ्या दिवशी पोलीस तालमीत आले. अल्लाबक्ष दफेदारांनी फौजेच्या रिसाल्यातून पेन्शनीत आल्यावर वीस वर्षं चालवलेली तालीम. सकाळी पोरं, संध्याकाळी शिंपी, टांगेवाले, दुकानदार. साऱ्यांच्या हाती वेताच्या काठ्या आणि चामड्याच्या ढाली. खरी तलवार एकच, काकांची, तीही बोथट. ती जप्त झाली, दाराला कुलूप लागलं आणि काकांच्या मुलाला, नियाजला, धरून नेलं. तारा तुटल्या त्या दिवशी अंधार पडेपर्यंत तो माझ्याजवळ बसून वेतांना तेल लावत होता. हे मी सांगितलं, कुणी लिहून घेतलं नाही.

काकांच्या हाताखाली शिकवणारा म्हणून मला शहराची हद्द सोडायची बंदी आहे. सकाळ-संध्याकाळ चौकीवर हजेरी. मी जकात नाक्यापर्यंत जातो आणि तुझ्या गावाकडच्या रस्त्याला पाठ करून परततो. मोठी माणसं मला पाहून गल्ली बदलतात. पोरं मात्र कुलपासमोर येऊन उभी राहतात, तालीम कधी उघडणार विचारतात.

फौजदार सांगतो की एका कागदावर सही कर. नियाज तलवारीला धार लावत होता आणि तारा तोडायचं बोलला होता, एवढंच. मग श्रीगोंद्याचा पास त्याच दिवशी. अजून केलेली नाही.

भागीला गोड पापा. तुझा,
गोरख

श्रीगोंदे,
ता. २४ जानेवारी १९४३

तीर्थरूप दादा यांस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मी कणगीमागे उभी राहून वाचलं.

सही करू नकोस. नियाजभाईने मला पहिल्यांदा ढाल धरायला शिकवलं. मी पडले की तू हसायचास, तो उठवायचा.

पण दादा, पाटाला रथसप्तमीचा दुसरा दिवस धरला आहे. काल कासार येऊन बांगड्यांचं माप घेऊन गेला. भागी माझ्यासोबत पाथर्डीला येणार नाही. भावजी म्हणाले की पोर आमच्या रक्ताची, ती हितंच ऱ्हाईल. तिने ते ऐकलं, तेव्हापासून झोपेतसुद्धा माझा पदर सोडत नाही.

सही करू नकोस आणि ये. दोन्ही एकाच पत्रात लिहिते आहे, मला कळतं. पण दुसरं काय लिहू?

रतन

नगर,
ता. ४ फेब्रुवारी १९४३

चि. रतन हीस,

अ. उ. आ. पास मिळाला. मंगळवारी नऊ तारखेला दुपारच्या गाडीने येतो. भागीचे कपडे बांधून ठेव.

सही केली. फौजदाराने वाचून दाखवू का विचारलं, मी नको म्हणालो. परत येताना काकांच्या गल्लीतून आलो नाही. यापुढे या विषयावर मला काही लिहू नकोस.

तुझा,
गोरख

दौंड,
ता. ६ फेब्रुवारी १९४३

तीर्थरूप दादा यांस,

रतन आणि भागी यांचे शि. सा. न. वि. वि. आम्ही सुटलो.

तुझ्याकडून उत्तर येईना. तेव्हा वाटलं, आपणच असं पत्र लिहून तुला कात्रीत धरलंय. परवा पहाटे जाऊबाई कडी लावायला विसरल्या की त्यांनी ती मुद्दाम लावली नाही, देव जाणे. भागीला काखेत मारलं आणि श्रीगोंदा रोड स्टेशनची वाट धरली. गाडी दिसू लागली आणि भावजी सायकलवरून आले. त्यांनी भागीचा दंड धरून ओढला. माझ्या हातात वाटेत उचललेली बोरीची काठी होती. मी एकच वार केला, मनगटावर, काकांनी सांगितलेल्या जागी. हात सुटला. ते नुसते बघत राहिले. मी भागीला उचललं आणि गाडीत चढले.

नगरला आले असते तर ते तिथेच शोधत आले असते. म्हणून इथे मेहताबकडे उतरले. नियाजभाईची बहीण ती, तिचे मालक फक्रुद्दीन रेल्वेत सांधेवाले. किती दिवस राहणार, हे तिने एकदाही विचारलं नाही. भागीला मांडीवर घेऊन जेवू घालते. सारखं मला विचारते, गोरखभाईच्या पत्रात नियाजचं काही? मी सांगते, दादा आहे तोवर काळजी करू नको.

आता तुला सही करायचं कारण उरलं नाही.

तुझी,
रतन

नगर, तुरुंग,
ता. २ मार्च १९४३

चि. रतन हीस,

अ. उ. आ. हे पत्र साहेब वाचून मग धाडतील.

तुझं दौंडचं पत्र मिळालं त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले की मला सांगून काय होतंय, कोर्टात सांग. मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, सही माझी, मजकूर खोटा. मला तिथूनच आत घेतलं. वकील म्हणतात की साक्षच राहिली नाही, तेव्हा नियाजवरचा खटला टिकणं कठीण. माझं काय, ते अजून ठरायचं आहे.

मी नियाजच्याच बराकीत आहे. तीन आठवडे झाले, तो माझ्याशी बोलत नाही. काल एवढंच विचारलं, रतन निघाली का तिथून? मी हो म्हणालो. त्याने कूस बदलली.

तू मेहताबच्या घरचं अन्न खातेस. तिला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

गोरख

दौंड,
ता. १२ मार्च १९४३

तीर्थरूप दादा यांस,

शि. सा. न. वि. वि. मी तुझं पत्रच मेहताबला वाचून दाखवलं, पहिल्यापासून. ती भाकरी थापत होती. हात तसाच पिठात राहिला, तव्यावरची करपली. मी गाठोडं बांधून भागीला उठवलं. तिने भागीला माझ्याकडून काढून घेतलं आणि आत नेऊन निजवलं. दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. ताट मात्र वेळेवर पुढे येत होतं.

आज सकाळी म्हणाली, लिही तुझ्या भावाला. मी विचारलं, काय लिहू? म्हणाली, सुटल्यावर हितं यायचं, पण माझ्या भावाला संगती घेऊन. एकला आला तर दार उघडायची न्हाई.

तिने सांगितलं तसंच लिहिलं आहे.

तुम्हा दोघांची,
रतन