प्रांजलची कट्टी

प्रिय रेवती,

नऊ दिवस झाले, फोन उचलत नाहीस. रिंग जाते, म्हणजे फोन शाबूत आहे. माझंच तोंड नकोय. म्हणून माझ्यासारख्या दुसरी पास बाईला पेन धरायला लावलंस. आता चुका काढत बसू नकोस.

परत तेच केलंस, एवढंच म्हणालीस तू मला. भांडुपला घरी परत आले तरी ते कानातून जात नाही.

त्या संध्याकाळी तुमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगखाली तुझी प्रांजल वाळूत खेळत होती. शेजारच्या ओजसने तिची बादली ओढली. पोरगी रडली नाही, चावली नाही. कडी घट्ट धरून म्हणाली, माझं झालं की देईन. चार वर्षांची! तो ऐकेना तेव्हा करंगळी नाचवून कट्टी घेतली. तो बिचारा आपलं फावडं पुढे करत होता, जमतच आलं होतं दोघांचं. पण बाकावर त्याची आई बसलेली. मला मेलीला लाज वाटली. मी प्रांजलची बोटं कडीवरून सोडवली, बादली त्याला दिली, आणि तिची दोन बोटं धरून बट्टी करायला लावली. तिने असं काही बघितलं माझ्याकडे, की मला तूच दिसलीस.

तूही चारचीच होतीस. चाळीच्या गॅलरीत किरणने तुझं भातुकलीचं पातेलं धरलं. झिपऱ्या डोळ्यांवर, फ्रॉकची बटणं तुटलेली, काठाने तळव्यावर वळ उठला तरी तू सोडेनास. काय दिसत होतीस गं! मी येऊन तुझी बोटं उघडली. का, म्हणून विचारलंस, तर पाठीत धपाटा घातला. उत्तर आज देते. नळ किरणच्या घरात होता. तिची आई शेवंती आपल्याला रोज दोन हंडे भरू द्यायची.

पुढे तू सगळंच देत गेलीस. खिडकीजवळची जागा, नवी छत्री, लग्न झाल्यावर नोकरीसुद्धा. आणि मी चाळभर मिरवलं, माझी पोर किती गुणाची! नळ आपल्या घरात आला, तरी ते पातेलं मागून आणलं नाही मी.

फोन उचलत नाहीस, ही तुझी पहिली कट्टी. उशिरा का होईना, घेतलीस. बरं केलंस.

पत्र लिहिलंय ते मात्र प्रांजलसाठी. तिला वाचून दाखव. आजी चुकली, बादली तिचीच होती. बट्टी करायची की नाही, ते ती ठरवेल. कागदावर करंगळी काढू दे, नाहीतर दोन बोटं. उत्तर तिनेच द्यायचं. तू तिचा हात धरायचा नाहीस.

तुझीच,
आई