क्लासचा खालचा मजला

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (उभ्यानेच केलाय. वाकलं की दाढ ठणकते, त्याचं कारण पुढे येईल.) तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधीच उरकून घेतो, कारण माझं रडगाणं एकदा सुरू झालं की मला कुणाच्याच गुडघ्यांचं भान राहणार नाही. कसे आहेत? भावजींना खोकल्याचं औषध वेळेवर घ्यायला सांग आणि ऐकत नसतील तर सांगणं सोडून दे. माणसाने घरातल्या घरात किती आघाड्यांवर लढायचं यालाही काही मर्यादा आहे. आमच्याकडे सगळे ठीक. ठीक म्हणजे हिंडतोफिरतोय.

परवा फोनवर तू सहज विचारलंस की गोगीचा क्लास कसा चाललाय, त्याने खरंच काही फरक पडतो का, आणि मी 'छान चाललाय' म्हणून हवापाण्यावर घसरलो. तुला ते चमत्कारिक वाटलं असणार. पण तुझी भावजय माझ्या कोपराला कोपर लावून उभी होती. आज ती बाहेर गेलीये, दुकानात गिऱ्हाईक नाही, समोर फक्त चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा माझ्याकडे बघत बसल्यात. त्यांच्या साक्षीने खरं काय ते लिहितो.

गोगी लहानपणापासून सगळं सावकाश करते, म्हणून तर तिची गोगलगाय आणि गोगलगायीची गोगी झाली. गणितातही तेच. नववीच्या परीक्षेत तिने सोडवलेलं प्रत्येक गणित बरोबर होतं, फक्त निम्मा पेपर कोरा होता. मी भरलेला अर्धा बघून खूश झालो, हिने कोरा अर्धा बघून डोक्याला हात लावला. (लग्नाला इतकी वर्षं झाली, आमचा संसार याच पद्धतीने चाललाय.) मग दहावीचं वर्ष, वय निघून चाललंय, शेजारच्या पोरी कुठल्या कुठे पोचल्या, वगैरे वगैरे होऊन गोगीचं नाव बाजारामागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासमध्ये घातलं गेलं. मी काय करत होतो विचारशील, तर मी मान हलवत होतो.

त्या क्लासच्या सरांना पोरं तुफान सर म्हणतात. उजव्या हाताने लिहितात आणि डाव्या हाताने पुसतात, त्यामुळे फळ्यावर एका वेळी फार तर दीड ओळ शिल्लक असते. हे मी ऐकीव सांगत नाही, अनुभवाने सांगतो. गोगीला ताप आला तेव्हा 'पोर्शन बुडेल' म्हणून हिने मला वही देऊन तिच्या जागी धाडलं होतं. मी शेवटच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसलो. वर्ग इतका ठासून भरलेला की एकाने जांभई दिली तर शेजाऱ्याने कान बाजूला करावा. मी एक गणित समजून घ्यायच्या नादात होतो तर शेजारची मुलगी दयेने म्हणाली, "काका, समजून घेऊ नका, मागे पडाल. नुसतं उतरवून घ्या." मी तरी हात वर केला. सर म्हणाले, शंका शेवटी. शेवटी घंटा झाली आणि दारात पुढची बॅच जमलेली होती. जिन्यावरून मी उतरलो नाही, वाहत खाली आलो. एक मात्र कबूल केलं पाहिजे, की असल्या क्लासेसनी माझ्या धंद्याला फार हातभार लावलाय. गुण वाढतात की नाही ते देव जाणे, नंबर हमखास वाढतो.

विनोद बाजूला, ताई. पोर मुकी झाली गं. सकाळी शाळा, तिथून क्लास, क्लासहून आली की क्लासने दिलेले कागद. आधी जेवताना तिच्या बोलण्याला घड्याळ नसायचं, आता ताटात बघून जेवायची आणि उठून जायची. पुढच्या चाचणीत गुण नववीपेक्षाही कमी आले. आता पूर्वी बरोबर यायचा तो अर्धा भागही घाईने चुकला होता. मला वाटलं, चला, आता तरी हिचे डोळे उघडतील. उघडले. ही म्हणाली, एक क्लास पुरत नाही, त्याच सरांचा शंकानिरसनाचा वेगळा वर्ग असतो, तोही लावू. म्हणजे क्लासने शंका निर्माण करायच्या आणि दुसऱ्या क्लासने त्या फेडायच्या. मी विरोध केला. (पुन्हा मान हलवली, या खेपेला आडवी.) पण माझा विरोध हा घरातल्या पंख्याच्या आवाजासारखा आहे, चालू असतो, कुणाला ऐकू येत नाही. मग मी झोपेत दात खायला लागलो आणि एक दाढ चिरली.

दातांचे डॉक्टर त्याच इमारतीत आहेत, क्लासच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर. एका संध्याकाळी सुजलेला गाल हातात धरून मी आत शिरलो, तर बसायच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर, झाडाच्या कुंडीशेजारी, मांडीवर वही घेऊन आमची गोगी. वर छतातून तुफान सरांच्या बॅचची धडधड ऐकू येत होती. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते उगाच नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनेच शांतपणे शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली.

"बसा बाबा. तुमच्या आधी दोघं आहेत."

"तू इथं काय करतेस?"

"गणितं."

"आणि वर?"

"वर गणितं करता येत नाहीत."

तेवढ्यात काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "तुमची का ही? फार गुणी पोर आहे. हिला भूमिती करताना बघून आमच्या पेशंटांना आपलं दुखणं हलकं वाटतं." त्यांना आधी वाटलं होतं, आत हिचं कुणीतरी दाढ काढून घेतंय. बरेच दिवस कुणीच बाहेर येईना तेव्हा त्यांनी विचारलं, गोगीने खरं ते सांगितलं आणि त्यांनी ती खुर्ची तिला देऊन टाकली.

मला आत बोलावलं. डॉक्टरांनी सुई टोचून निम्मं तोंड बधिर केलं. आता सांग, मुलीला रागवायला बापाकडे निदान एक जीभ तरी हवी की नको? आम्ही चालत घरी निघालो. मी बोलायला गेलो की लाळ गळायची, म्हणून गप्प राहिलो, आणि मी गप्प आहे म्हटल्यावर गोगी बोलायला लागली. कितीतरी महिन्यांनी. म्हणाली, "बाबा, मला समजत नाही असं नाही. समजेपर्यंत कुणी थांबत नाही." म्हणाली, आईला सांगितलं तर ती रडेल आणि मग मला परत वर जावं लागेल. बाजाराच्या कोपऱ्यावर थांबून तिने माझी हनुवटी आपल्या रुमालाने पुसली. मी घरी काहीच सांगितलं नाही. आधी बधिर होतो म्हणून, नंतर मी बधिर नव्हतो तरी.

आणि सहामाहीत गोगीला गणितात असे गुण पडले की शाळेने दोनदा तपासून बघितले. पेपर पुरा सोडवला होता. मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय? आठवड्याभरात त्या इमारतीच्या दर्शनी भागावर गोगीचा फोटो लागला. दारापेक्षा मोठा. खाली अक्षरं, 'आमच्या मार्गदर्शनाचे फळ'. ही तो फोटो बघायला रोज वाट वाकडी करून जाते. माझ्या दुकानाशेजारचा घड्याळवाला मला विचारायला आला, की पोराला घालू का तिथे, खरं सांगा. मी तोंड उघडलं, समोर गोगी दिसली, मिटलं. त्याने नाव घातलं. मग कापडवाल्याने घातलं. मग माझ्याकडे चष्मा करायला येणारे आईबाप डोळे तपासायच्या आधी क्लासची चौकशी करायला लागले. मी एका क्लासची चालतीबोलती जाहिरात झालोय, ताई, आणि माझी मुलगी त्या क्लासात पाऊल ठेवत नाही.

परवा तर खुद्द तुफान सर दुकानात आले, वाचायचा चष्मा करायला. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं त्यांनी इतक्या हळू वाचली की मला वाटलं, हा माणूस दुसराच कुणीतरी आहे. भिंगं बदलता बदलता मला राहवलं नाही. म्हटलं, सर, गोगी... त्यांनी हात वर केला. म्हणाले, "ठाऊक आहे. हजेरी मीच घेतो."

डोळ्यांवरची ती जड चाचणीची फ्रेम त्यांनी काढली नाही. म्हणाले, पूर्वी मीही सावकाश शिकवायचो. पालक येऊन विचारायचे, पलीकडचा क्लास तीन धडे पुढे गेला, तुम्ही अजून इथेच? पलीकडे पोरं जायला लागली तेव्हा मी धावायला लागलो, आता थांबता येत नाही. त्यांचा स्वतःचा मुलगाही दहावीत आहे. "त्याला कोण शिकवतं?" मी विचारलं. म्हणाले, "पलीकडचा क्लास. मला वेळ कुठाय?" ताई, आयुष्यात मला प्रथमच असं वाटलं, की कुणाच्या डोळ्यांपुढे कुठलंही भिंग ठेवलं तरी उपयोग नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की क्लासने फरक पडतो. पोर अबोल होते, बाप खोटारडा होतो, मास्तर धापा टाकतो आणि आई फोटो बघते. कुणावर रागवावं तेही कळत नाही, आणि तेच फार वाईट आहे. दाढ मात्र आता बरी आहे, वाकलं तरच ठणकते.

भावजींना नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना जपून ठेव.

तुझा,
हताश धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. जाताना सरांनी विनंती केली, की महिनाअखेरीस क्लासचा गुणगौरव आहे, त्यात गोगीचा बाप म्हणून दोन शब्द बोला. मी नाही म्हणायच्या आत, डबा घेऊन नुकत्याच दारात आलेल्या हिने हो म्हटलं. तू शाळेत सगळ्यांची निरोपाची भाषणं लिहून द्यायचीस. मला एक पाठव. त्यात खोटं एकही वाक्य नसावं आणि खरंही सापडू नये.

दुसरा ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं आणि इकडे जग उलटंपालटं झालं. फोटो बघून आलेल्या नव्या पोरांपैकी बरीचशी वरून कंटाळून खाली उतरली, त्यांच्या मागोमाग जुनीही. काही दवाखान्यात येऊन बसली, काही जिन्यात, काही सरळ खेळायला गेली. दवाखान्यात इतका कलकलाट झाला की गोगीला बसवेना, म्हणून ती वर जाऊन बघते तर वर्गात उणीपुरी पाच डोकी. सर खुर्चीवर बसून, फडकं बाजूला ठेवून, एकच गणित शिकवत होते, आणि एकीला कळलं नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून. गोगी म्हणते, बाबा, सर फार छान शिकवतात. रोज जाते. रात्री जेवताना बोलते. मी तिच्या आईलाही आज न राहवून सगळं सांगून टाकलं.

हिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, वर्गात पाचच पोरं उरलीत? मग तो क्लास कसला? उद्या जाऊन पलीकडच्या क्लासात नाव घालून येते.