झोपलेल्या सिंहाच्या फटीत पितरांचं जेवण

पुएर्तो बाकेरिसो, सान क्रिस्तोबाल बेट
४ नोव्हेंबर

माझ्या एकुलत्या एक थोरल्या बहिणीला, फिलोमेनाताईला, धाकट्या एनेदिनाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? क्वेंकाच्या थंडीत ते कुरकुरत असणार. आन्सेल्मो भाऊजींची तब्येत मी विचारत नाही. जो माणूस दुसऱ्याच्या थडग्याच्या दगडाचा रंग एवढ्या हौसेने निवडतो, तो ठणठणीतच असणार.

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांपूर्वी माझ्या ओल्मेदोची नाव समुद्रात रिकामी सापडली, देह काही मिळाला नाही. तेव्हा निदान इथल्या दफनभूमीत त्याच्या नावाचा संगमरवर उभा राहू दे, म्हणजे पितरांच्या दिवशी जेवण कुठे न्यायचं हा माझा प्रश्न सुटेल, असं तू म्हणतेस. खरं आहे ताई. सहा वर्षं मी जांभळी पेज आणि गुलाबी साखरेचं झबलं घातलेलं पावाचं बाळ टोपलीत घेऊन दफनभूमीच्या भिंतीशी उभी राहते. बाकीच्या बायका आपापल्या माणसाच्या थडग्यावर बसून जेवतात आणि मला हाक मारतात, "ये गं, आमच्या म्हाताऱ्याशेजारी बस." मी बसते. पण परक्या नवऱ्याशेजारी बसून आपल्या नवऱ्याला वाढायचं, हे काही बरं दिसत नाही. (तो म्हातारा जिवंतपणीही फारसा सभ्य नव्हता.)

म्हणून तुला उत्तर देण्याआधी यंदा मी त्याची नाव सापडली तिथेच गेले. झोपलेल्या सिंहाशी! लग्न होऊन बेटावर आले तेव्हापासून तो खडक लांबून बघतेय, पण जवळ कधी गेले नव्हते. तिथे पर्यटक जातात, पाण्यात तोंड घालून मासे बघायला. आपण लॉजमध्ये त्यांच्या चादरी धुतो. ज्वालामुखीची राख थिजून तो खडक झाला आणि समुद्राने तो मधोमध चिरला, असं त्यांनीच खोलीत विसरलेल्या एका पुस्तकात मी वाचलं होतं. पुस्तकात त्याची उंचीही दिली होती. खालून बघताना मान किती दुखते, ते मात्र दिलं नव्हतं.

नावेवरचा वाटाड्या फाउस्तो, ओल्मेदोचा जुना सोबती. टोपली बघताच म्हणाला, "वहिनी, खाणं नावेतच. पाण्यात एक कण गेला तर राष्ट्रीय उद्यानखातं माझा परवाना काढून घेईल." मी मान हलवली. मग त्याने मला रबरी पोशाखात कोंबलं. (दोन जर्मन बायकांनी मागून ढकललं तेव्हा त्याची चेन वर सरकली. मला श्वास घेता येत नव्हता, पण पाण्यात श्वास घ्यायची नळी होतीच की.) एवढ्या धांदलीत पावाचं बाळ मी छातीशी, पोशाखाच्या आत, कधी सरकवलं ते कुणाला कळलं नाही. ज्याचं जेवण, त्याला ते त्याच्या जागी मिळायला नको का?

ताई, काय सांगू! दोन्ही बाजूंना आभाळापर्यंत काळ्या भिंती, मध्ये ती फट, आणि पाणी इतकं गार की मी सगळ्या संतांना नावानिशी हाका मारल्या. खाली बघते तर तळच नाही. एक कासव माझ्याकडे बघत बघत गेलं, घर चुकलेल्या पाहुणीकडे बघावं तसं. आणि त्याच्याही खाली हातोड्यासारख्या डोक्यांचे शार्क, रांगेने, अगदी शिस्तीत. ओल्मेदो त्यांच्याबद्दल सांगायचा तेव्हा मी म्हणायची, "कमी पीत जा." आता माफी तरी कुठे मागू? तिथेच मागितली, नळीतून.

तेवढ्यात पाव विरघळला. गळपट्टीतून चुरा निघाला, गुलाबी साखर निघाली, आणि मासे आले. शेकडो! मानेला, कानाला, हनुवटीला लुचू लागले. समुद्रसिंहाचं एक पिल्लू तर माझ्या पोटाला नाक लावून वास घेत बसलं. पर्यटक आनंदाने नळ्यांतून ओरडताहेत, फोटो काढताहेत, आणि मी गुदगुल्यांनी हसून हसून अर्धा समुद्र प्यायले. फाउस्तोने मला कॉलर धरून नावेत ओढलं.

"वहिनी, आत काय लपवलंय?"

"आता काहीच नाही रे. संपलं."

"माशांना खाऊ घातलंत? माझ्या पोटावर पाय द्यायला निघालात!"

"मी कुणाला घातलं? मी ओल्मेदोला वाढलं. बाकीचे न बोलावता पंगतीला बसले, त्याला मी काय करू?"

मग त्याने टोपलीतल्या थर्मासमधली पेज दोन पेल्यांत ओतली, एक मला दिला, आणि आम्ही दोघांनी खडकाकडे तोंड करून ती प्यायली. सहा वर्षांत पहिल्यांदा ओल्मेदोचं जेवण उरलं नाही, ताई. पहिल्यांदा मला टोपली रिकामी घेऊन घरी येता आलं.

भाऊजींना नमस्कार, कोंबड्यांना दाणे.

तुझी,
एनेदिना

ता. क. संगमरवर नको. एवढा मोठा दगड समुद्रात आधीच उभा आहे, त्याच्यासमोर तुमचा गुडघ्याएवढा दगड बघून ओल्मेदो हसेल. कारागिराला आजच्या आज थांबव.

आणखी एक ता. क. त्याने काम सुरू केलं असेल, तर वर भाऊजींचं नाव घालायला सांग. रंग त्यांच्याच आवडीचा आहे, आणि संगमरवर काही नासत नाही.